बुंध्यावरची नोटीस वाचलीत?

आरे म्हटलं की आपल्याला लगेच ऑक्टोबर २०१९ आठवतो. रात्रीत चाललेल्या करवती आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याचीच चर्चा! पण तिथल्या झाडांचा फैसला ज्या कायद्याखाली झाला, त्याच कायद्याच्या कक्षेत हिंगोलीसारख्या नगर परिषदेच्या गावातला कडुनिंबही येतो, हे किती जणांना ठाऊक असतं?

मी हिंगोलीची, नोकरीला पुण्यात. आमच्याकडची ओळख म्हणजे औंढा नागनाथ, वसमतची हळद आणि मे महिन्यातलं चाळिशीपार ऊन. त्या उन्हात भाजीवाली, ऑटोवाला, एसटीची वाट बघणारे, सगळ्यांचा एसी म्हणजे रस्त्याकडेचं झाड. सुट्टीत घरी गेलं आणि एखादं झाड जागेवर दिसलं नाही, तर उत्तर ठरलेलं असतं, ‘रस्त्यात येत होतं ना!’ बस्स, विषय संपला.

कायद्यात मात्र विषय इतक्या झटपट संपत नाही.

परवानगी कोणाची?

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आला १९७५ मध्ये. शहरी हद्दीत झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची आधी परवानगी हवी. झाड तुमच्या स्वतःच्या अंगणातलं असलं तरीही! अर्ज आला की अधिकाऱ्याने स्वतः चौकशी करायची, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि त्या झाडावरही ठळकपणे नोटीस लावायची. शिवाय दर पाच वर्षांनी वृक्षगणना. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा दिला.

गावाची हद्द ओलांडली की नियम बदलतात. तिथे १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे आणि तो आंबा, चिंच, मोह, साग अशा ठरावीक झाडांपुरताच.

एक गोष्ट स्पष्ट हवी. १९७५ चा कायदा म्हणजे तोडबंदी नव्हे. आरेतही मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने रीतसर मंजुरी दिलीच होती. पण नोटीस निघाली, म्हणून लोकांना हरकत घेता आली, कोर्टात जाता आलं. छोट्या गावात नोटीस कोणी वाचतच नाही. वाचणारी पोरं पुण्या-मुंबईत, आणि घरचे म्हणतात, ‘कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा?’ गावात सगळेच ओळखीचे. तेही खरंच आहे.

मग आपण काय करायचं?

घरपट्टीचं बिल काढा. बऱ्याच नगर परिषदांच्या बिलात ‘वृक्ष कर’ अशी एक ओळ असते. पैसे आपण भरतोय, मग हिशेब विचारायला लाजायचं कशाला? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तरासाठी मुदत तीस दिवसांची. शेवटची वृक्षगणना कधी झाली? आमच्या वॉर्डात पन्नाशीपुढची झाडं किती? वर्षभरात किती झाडं तोडायला परवानगी दिली? तीनच प्रश्न.

आणि पुढच्या वेळी घरी गेलात की गल्लीतल्या मोठ्या झाडांचे फोटो काढून ठेवा. आजोबांना विचारा, हे कधीपासून आहे? पन्नास वर्षांचा साक्षीदार तुमच्या घरातच सापडेल. उद्या त्या बुंध्यावर नोटीस लागलीच, तर हरकतीच्या अर्जात लिहायला तुमच्याकडे काहीतरी ठोस असेल.