किल्लीची कैफियत

श्रावणातल्या एका ओल्या सकाळी, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आठ वर्षे इमानेइतबारे चाकरी केलेल्या आमच्या मोटरसायकलीने अकस्मात लहरीपणा आरंभला. किल्ली फिरवली की न्यूट्रलचा हिरवा दिवा लागे, हँडल डावीकडे वळवले की मालवे, आणि ते सरळ केले की काही घडलेच नाही अशा निरागसतेने पुन्हा उजळे. नाक्यावरच्या मिस्त्रीने उभ्याउभ्याच निकाल दिला : "मेन स्विच गेला, साहेब. लॉकसेटच टाकायला लागेल." खर्चाची धास्ती मला होतीच, परंतु ज्याची जबानी घेतली नाही त्याला शिक्षा फर्मावण्याची ही रीत मनास अधिक खटकली, आणि रविवारची दुपार या चौकशीस द्यावयाची असे मी ठरविले.

इग्निशन स्विच बाहेरून एक दिसतो, परंतु त्याच्या पोटात दोन स्वतंत्र खाती नांदत असतात. वरचे खाते कुलपाचे : पितळेच्या चिमुकल्या पट्ट्या स्प्रिंगच्या जोराने वाट अडवून असतात, आणि किल्लीच्या खाचा त्यांना नेमक्या पातळीत आणतात तेव्हाच आतला दंडगोल फिरू शकतो. खालचे खाते विजेचे : दंडगोलाच्या बुडाशी प्लॅस्टिकची चकती असते, तिच्यावर तांब्याचे ठिपके बसविलेले असतात, आणि फिरणारी पत्री त्यांपैकी कोणास कोणाशी जोडते यावर गाडीचा सारा कारभार अवलंबून असतो. किल्ली अडकणे किंवा चालत्या गाडीतून निसटून हाती येणे ही पहिल्या खात्याची तक्रार. ती सुखाने फिरूनही दिवे न लागणे ही दुसऱ्याची. या दोन फिर्यादींची गल्लत झाली की खिशास भुर्दंड पडलाच.

होंडाच्या घराण्यातील गाड्यांत बॅटरीकडून आलेली तांबडी तार चालू स्थितीत काळ्या तारेस जोडली जाते, आणि तेथून वीज हॉर्न, इंडिकेटर इत्यादींकडे जाते. मात्र १०० सी.सी.च्या पुष्कळ जुन्या गाड्यांत ठिणगीची वीज बॅटरीतून न येता मॅग्नेटच्या कॉइलमधून येत असल्यामुळे, तेथे किल्ली बंद करणे याचा अर्थच निराळा : काळी-पांढरी तार हिरव्या तारेस जोडून ठिणगीची वीज गाडीच्या सांगाड्यात, म्हणजे अर्थमध्ये, जिरवून टाकावयाची. म्हणूनच अशी गाडी हॉर्न मुका झाला असताही किकने सुरू होऊ शकते, आणि या दुसऱ्या जोडणीत बिघाड झाला तर किल्ली काढून घेतली तरी इंजिन आपले धडधडतच राहते. ठिणगीसाठी बॅटरीवर विसंबणाऱ्या गाडीत मात्र तांबड्या तारेची वाट तुटली की सर्वच व्यवहार ठप्प.

दमट हवेत तांब्यावर काळपट-हिरवा थर चढतो, आणि त्याचे उपद्रवमूल्य साध्या गुणाकाराने कळते. त्या थराने अर्ध्या ओहमचा अडथळा निर्माण केला आणि त्यातून 4 अँपिअर प्रवाह गेला, तर 12 व्होल्टपैकी 2 व्होल्ट तेथेच गिळले जातात आणि 8 वॉट उष्णता त्या इवल्याशा चकतीत साठते. हॉर्नचा घसा बसतो, आणि कालांतराने प्लॅस्टिकही वितळू लागते.

चौकशीचा क्रम असा असावा : आधी बॅटरीच्या टोकांवरील पांढरी बुरशी आणि फ्यूज पाहावा, मग किल्ली चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत सावकाश वळवावे, शेवटी बॅटरीची ऋण तार सोडवून, हेडलाइटच्या मागचा स्विचचा कपलर वेगळा करून, मल्टिमीटरची टोके तांबड्या व काळ्या तारेस लावावीत. आमच्या मीटरचा आवाज हँडल सरळ असता अखंड वाजे आणि डावीकडे वळवताच तुटे. स्विच सैल असता तर हँडलच्या वळणाशी त्याला काय कर्तव्य होते? संशय तारेकडे वळला.

स्विच दोन बोल्टांवर बसतो. परंतु चोरास अडविण्यासाठी काही गाड्यांत बोल्टांची डोकी मुद्दाम तोडलेली असतात, तेथे मिस्त्रीस बोलवावे हेच श्रेयस्कर. बुडाची चकती उघडताना हात पारदर्शक पिशवीत घालून काम केले, ते बरे झाले. कारण ज्वारीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी स्प्रिंगसह टुणकन उडाली आणि पिशवीतच अडकली. चकतीतून तार जेथे बाहेर पडते, नेमके तेथे आवरण शाबूत होते आणि आतले तांब्याचे तंतू तुटून अवघे दोन शिल्लक होते. हँडलच्या प्रत्येक वळणाबरोबर ती तार आठ वर्षे तेथेच वाकत आली होती.

त्याच जाडीची नवी तार चकतीशी सोल्डर केली, तिचा दुसरा सांधा वळणापासून दूर घेतला, कारण सोल्डरने ताठ झालेली तार वाकणाच्या जागी लवकर मोडते. आणि हँडल मोकळे फिरावे इतकी ढील ठेवली. चकती उघडलीच होती, म्हणून बारीक पॉलिश पेपरने ठिपके हलकेच उजळून, स्पिरिटने पुसून, विजेच्या सांध्यांसाठी मिळणाऱ्या ग्रीसचा नखभर हात फिरविला. कुलपात मात्र तेल घातले नाही : तेलात धूळ मिसळून चिखल होतो, तेथे ग्राफाइटची पूड उत्तम. किल्लीला लटकणारा घरभरच्या चाव्यांचा जुडगाही त्याच दिवशी बरखास्त केला, कारण त्याच्या हेलकाव्यांनी पितळी पट्ट्या झिजतात. स्विच टाळून तारा 'डायरेक्ट' जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. गाडी कुणाच्याही हवाली होते, आणि फ्यूज टाळून जोड दिला गेला तर आगीचीही धास्ती.

संध्याकाळी मिस्त्री येऊन पाहून गेला. हँडल डावीकडे अगदी टोकापर्यंत वळविले, दिवा ढळला नाही. "म्हणजे वायरच होती म्हणायची," एवढेच तो म्हणाला. परवा त्याच्या दुकानावरून जात असता दुसरी एक रुसलेली गाडी त्याच्यापुढे उभी दिसली. त्याने किल्ली फिरविली, आणि निकाल देण्यापूर्वी सावकाश हँडल वळवून पाहिले.