सव्वीसशे टन कातळ, एका दालनासाठी

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर, नदीच्या गाळात, राखेचा एक थर आहे. १९८०च्या दशकात पुण्याच्या अभ्यासकांनी तो उजेडात आणला. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. टोबा इथून तीन हजार किलोमीटरहून दूर आहे. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी तो फुटला आणि त्याने जवळपास २,८०० घन किलोमीटर पदार्थ बाहेर फेकला. याच राखेच्या आसपास अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडीही मिळाल्या. राखेच्या वयावरून संशोधकांत बरीच वर्षे वाद झाला. पण कुठलेही वय धरा, या नदीकाठी माणूस दगडावर घाव घालत आला आहे ही गोष्ट फार जुनी आहे.

त्याच नदीच्या वरच्या अंगाला, लेण्याद्रीला, या घावांचे जे झाले त्यापुढे मला टोबाचे आकडेही फिके वाटतात.

आधी दगडाचे बोलू. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी झाकली आहे. या दगडाचा एक घनमीटर तुकडा तीन टनांहून थोडा कमी भरतो. पहार उसळते, टाकी बोथट होते, असा हा दगड.

आता लेण्याद्रीचे सातवे लेणे, म्हणजे आपला गिरिजात्मज. गणपती इथे पुढे कधीतरी आला. मुळात हा बौद्ध भिक्षूंचा विहार, भोवताली २० खोल्या असलेला. मधले दालन १७.३७ मीटर लांब, १५.५४ मीटर रुंद आणि ३.३८ मीटर उंच. गुणाकार केला तर ९१२ घनमीटर येतात. म्हणजे सुमारे २,६०० टन दगड फोडून दारातून बाहेर काढला. दहा टनी ट्रक लावले तर २६० खेपा होतील. यात त्या २० खोल्या नाहीत, व्हरांडा नाही, पाण्याची टाकी नाहीत.

कामाचा अंदाज बांधायचा तर एक सोपे गृहीत धरू: एक पाथरवट दिवसाला एक घनफूट कातळ काढतो. दालन सुमारे ३२ हजार घनफुटांचे आहे. वीस माणसे एकही खाडा न करता राबली, तरी सव्वाचार वर्षांहून जास्त काळ लागेल. शिवाय बांधकामात चूक झाली तर दगड बदलता येतो. कोरताना एक कपचा जास्त उडाला की तो कायमचा गेला. काम छतापासून खाली करत आणायचे, त्यामुळे खालच्या भागाची आखणी पहिल्या घावाआधीच डोक्यात पक्की हवी. आणि एवढ्या दालनाच्या मध्ये एकही खांब नाही! आजचा कुठलाही गवंडी मध्ये आधार न देता ५१ फुटांचा गाळा स्लॅबने झाकायला तयार होणार नाही. इथे तर डोक्यावर अख्खा डोंगर आहे, आणि खाली शेकडो भाविक निर्धास्त बसतात.

शेजारचे सहावे लेणे हे चैत्यगृह, प्रार्थनेची जागा. लांबी १३.३ मीटर, रुंदी ६.७, उंची सुमारे ७. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला अर्धगोल आणि तिथे स्तूप. वसईच्या जुन्या चर्चमध्ये जाणाऱ्याला हा आराखडा परका वाटणार नाही. पण रोममध्ये सेंट पीटरच्या पहिल्या चर्चचे काम चौथ्या शतकात सुरू झाले, तेव्हा लेण्याद्रीचे चैत्यगृह सुमारे दीडशे-दोनशे वर्षे जुने होते. जुन्नरच्या पश्चिमेचे तुळजा लेणे तर ख्रिस्तजन्माच्याही आधीचे मानतात. तिथे आखणी चक्क गोल आहे: मध्ये स्तूप आणि भोवती १२ अष्टकोनी खांब.

सहाव्या लेण्यात खांबाजवळ उभे राहून बघा. तळाशी पायऱ्यांसारखे थर, त्यावर घट, मग आठ पैलूंचा दांडा, वर उलटा घट आणि माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. छताला कमानदार फासळ्या आहेत. लाकडी छताला आधारासाठी लागतात तशाच, पण इथे दगडात कोरलेल्या. त्यांच्यावर कसलाही भार नाही. सुताराची रीत पाथरवटाने श्रद्धेने जपली, एवढेच त्यांचे काम.

एवढ्या कामाला पैसा आला कुठून? घाटातून. कल्याण बंदरातला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. सहाव्या लेण्याचा दाता सुलसदत्त हा कल्याणचाच. जुन्नरच्या तीसहून अधिक ब्राह्मी लेखांत तीन दाते स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतात. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचा शक ४६चा, म्हणजे इ. स. १२४चा लेख आहे. आणि कुकडीच्या उगमाकडे, नाणेघाटाच्या लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांतल्या दक्षिणेचे आकडे कोरले आहेत: हजारो गाई, २४,४०० कार्षापण नाणी. आकड्यांच्या चिन्हांच्या भारतातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा लेख एक. त्यात शून्य नाही. शंभराला आणि हजाराला वेगळी चिन्हे आहेत.

जुन्नरभोवती अशी पावणेदोनशेच्या वर खोदकामे आहेत. दरवर्षी लाखो लोक गिरिजात्मजाच्या दर्शनाला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढतात, आणि बहुतेक जण शेजारच्या दारात न डोकावता उतरतात. तुम्ही तसे करू नका. दर्शन झाले की सहाव्या लेण्यात जा, मान वर करून फासळ्या मोजा, आणि मुलांना बरोबर न्या.