कमी खर्चात परदेशची सैर : ताश्कंद, समरकंद, बुखारा

परदेश म्हटला की आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या डोळ्यांपुढे दोनच वाटा येतात. एक हज-उमऱ्याची आणि दुसरी आखातातील नोकरीची. चार दिवस हिंडावे, नवी मुलूखगिरी करावी, घरच्या माणसांनाही जग दाखवावे, हा केवळ श्रीमंतांचा शौक असा आपला समज आहे. तो पुरता खरा नाही. उलट काही बांधव दुसऱ्या टोकाला जातात. दुकानाचे भांडवल मोडून किंवा कर्ज काढून सहल करतात आणि परत आल्यावर वर्षभर हप्ते फेडत बसतात. माल उधारीवर उचलला तर तो विकून पैसा सुटतो. सहल उधारीवर केली तर विकायला हाती काहीच उरत नाही.

आम्ही दोन जोडप्यांनी उझबेकिस्तानची आठ दिवसांची सैर केली. आमच्यासोबत आमच्याच मोहल्ल्यातील जरीकाम करणारे एक कारागीर व त्यांच्या पत्नी होत्या. तीस वर्षे कारचोबावर वाकून काम केलेल्या या माणसाने तोवर पासपोर्टही काढला नव्हता. त्या अनुभवातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हाच देश का?

ताश्कंदचे नाव आपल्याला १९६६ च्या करारामुळे आणि तेथेच झालेल्या लालबहादूर शास्त्रींच्या निधनामुळे ठाऊक आहे. दिल्लीहून थेट विमान सुमारे तीन तासांत तेथे पोचते. भारतीयांना २०१८ पासून घरबसल्या ई-व्हिसा मिळू लागला. तेव्हा त्याची फी २० डॉलर ठेवण्यात आली होती. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा आणि चालू फी तेथेच पाहावी. मधल्या दलालाची गरज नाही. हलाल जेवणाची अडचण पडत नाही. मात्र तेथील पुलावावर कधीकधी घोड्याच्या मांसाचे काप ठेवतात. ज्यांना ते नको असेल त्यांनी आधीच सांगावे. भाषेचीही फार भीती नको. बाजार, नान, चहा, प्याज हे शब्द थोड्या फरकाने तेच आहेत. फक्त सब्जी मागाल तर गाजर मिळेल!

गल्ल्याचा हिशेब

आमची पद्धत साधी होती. दुकानाच्या गल्ल्यातून नव्हे, तर घरखर्चाच्या वाट्यातून रोज दोनशे रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे. सहाशे दिवसांत एक लाख वीस हजार होतात. दोघांसाठी याची वाटणी अशी करता येईल : विमान ६० हजार, सात रात्रींचा मुक्काम साडेसतरा हजार, रेल्वे ६ हजार, जेवण, प्रवेश तिकिटे व किरकोळ खर्च १६ हजार, व्हिसा व विमा ६ हजार. उरलेले साडेचौदा हजार अडीअडचणीसाठी राखून ठेवायचे. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या तारखांचे खरे भाव काढून ते या जागी लिहावेत. बेरीज जास्त झाली तर सहल चार महिने पुढे ढकलावी, कर्जाकडे वळू नये.

टूर कंपनीचे पूर्ण पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस कापला जातो. आयकर विवरणपत्र भरताना तो वळता होतो हे खरे, पण तोवर पैसा अडकून पडतो. ही गोष्ट छोट्या व्यापाऱ्याने हिशेबात धरावी.

तारखा व गाड्या

तेथे उन्हाळा कडक आणि हिवाळा गोठवणारा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. आपला हंगाम पाहून तारीख ठरवावी. ईद किंवा लग्नसराईच्या तोंडावर दुकान बंद ठेवले तर तिकिटात वाचलेला पैसा धंद्यात बुडतो.

ताश्कंदहून समरकंदला अफ्रोसियोब नावाची वेगवान गाडी दोन तासांच्या आसपास नेते. हीच गाडी पुढे बुखाऱ्यालाही जाते. तिची तिकिटे लवकर संपतात. आम्ही आळस केला आणि ती हुकली. साध्या गाडीत दुप्पट वेळ गेला. समोरच्या आजीबाईंनी आपला नान तोडून आम्हां चौघांना दिला म्हणून तो वेळ गोड झाला, पण चूक ती चूकच. बुखाऱ्याचे स्टेशन शहराबाहेर कागान येथे आहे, तेव्हा टॅक्सीचे भाडे आधीच धरावे. ताश्कंदमध्ये मात्र १९७७ साली सुरू झालेली मेट्रो स्वस्त आहे, आणि तिची स्टेशने पाहण्याजोगी आहेत.

पैसा व कागद

एका डॉलरला दहा हजारांहून अधिक सोम मिळतात. त्यामुळे नोटांचा गठ्ठा पाहून गोंधळू नये. डॉलरच्या नोटा स्वच्छ, न फाटलेल्या न्याव्यात आणि बँकेतच बदलाव्यात. हॉटेलवाला पाहुण्याची नोंदणी करतो, तिची पावती परतेपर्यंत जपावी. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत, कारण तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर तेथे निर्बंध आहेत. जुन्या पुराण्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. सुरी-कात्री घेतलीच तर ती विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नये.

बुखाऱ्यात अर्धा दिवस

आठ दिवसांत सहा शहरे दाखवणारी पत्रके आम्ही पाहिली होती. आम्ही तीनच घेतली. गावे कमी केली की भाडे वाचते आणि माणसाला बसायला वेळ मिळतो. समरकंदला रेगिस्तानच्या तीन मदरशांपुढे आम्ही संध्याकाळभर बसलो. जवळच्या कोनीगिल गावी तुतीच्या सालीपासून हातकागद करताना पाहिला आणि आपल्या दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची आठवण झाली.

बुखाऱ्यात सोळाव्या शतकातील घुमटाखालचे बाजार आजही चालू आहेत. त्यांची नावे ऐकून आम्ही चकित झालो. तोकी जरगरोन हा सोनारांचा, तोकी तेलपाक फुरुशोन टोपी विकणाऱ्यांचा आणि तोकी सर्राफोन नाणेवट करणाऱ्यांचा. आपला सराफ तो हाच!

तेथे सोनेरी भरतकामाच्या एका दुकानात आमचे कारागीर मित्र थांबले. मालकाने सुई पुढे केली. यांनी चार टाके घातले. तो हसला, त्याने दोन टाके घातले. भाषा कुणाला येत नव्हती, तरी अर्धा दिवस निघून गेला. निघताना मित्रांनी एक लहान तुकडा विकत घेतला. त्यावर एका कोपऱ्यात कारागिराने स्वतःचे नाव भरले होते. ते पाहून मित्र बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षांत माझ्या हाताने हजारो नग गेले, पण माझे नाव एकावरही नाही. सारे दुकानदाराच्या नावाने विकले."

परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या नावाची चार नमुन्यांची पेटी तयार केली आहे. तिला गिऱ्हाईक किती मिळेल ते पुढे दिसेल. पण डोक्यावर कर्ज नसल्यामुळेच त्यांना असा प्रयोग करणे परवडले, हे ध्यानात घ्यावे. डब्यात दोनशे रुपये टाकणे त्यांनी अद्याप थांबवलेले नाही. या खेपेला पत्नी मलेशियाचे नाव घेत आहेत.