अंतर्मुखता (अध्यात्म)

अंतर्मुखता म्हणजे इंद्रियांच्या वाटेने बाहेर धावणारे मन आत वळवून स्वस्वरूपाच्या ठिकाणी स्थिर करण्याची साधना होय. मानसशास्त्रात हाच शब्द अबोल, एकांतप्रिय स्वभावासाठी वापरला जातो. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. बोलक्या, संसारी, व्यवहारी माणसालाही ही साधना करता येते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील निंबर्गी-इंचगेरी परंपरा हे तिचे अर्वाचीन काळातील ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

इंद्रियांची घडण मुळातच बहिर्मुख आहे, म्हणून मनुष्य बाहेर पाहतो. एखादाच धीर पुरुष दृष्टी आत वळवतो, असा विचार कठोपनिषदात आला आहे. पतंजलीच्या अष्टांगयोगात इंद्रियांना विषयांपासून मागे घेण्यास प्रत्याहार म्हटले असून ते पाचवे अंग होय. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो, तेव्हा श्रीकृष्ण ती नाकारत नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय तेवढे सांगतो. शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीत याच अध्यायावर ज्ञानदेवांनी विस्ताराने भाष्य केले आणि संस्कृतात बंदिस्त असलेला योगविचार मराठीत आणला.

निंबर्गी-इंचगेरी परंपरा

निंबर्गी महाराजांपासून ही परंपरा चालत आली. त्यांचे शिष्य भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील उमदीचे. त्यांनी विजयपूर जिल्ह्यातील इंचगेरी येथे मठ उभारला. गुरूकडून मिळालेल्या नामाचे दीर्घकाळ ध्यान, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा होता. मन सुटले की नामावर आणायचे, पुन्हा सुटले की पुन्हा आणायचे. सांगायला सोपे, करायला अतिशय चिकाटीचे असे हे काम आहे.

भाऊसाहेबांचे शिष्य गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांचा जन्म जमखंडीचा. १९०१ मध्ये त्यांना नाम मिळाले. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि कुलगुरू झाले. उपनिषदांचा व ग्रीक तत्त्वज्ञानाचा हा व्यासंगी अभ्यासक अखेरीस निंबाळला राहिला आणि तेथेच निवर्तला. सोलापूर जिल्ह्यातील वाचकांना हा भाग दूरचा नाही. जेऊर स्थानकातून कुर्डुवाडीमार्गे सोलापूर आणि पुढे होटगी गाठावे. तेथून विजयपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर निंबाळ लागते.

मुंगीची वाट आणि पक्ष्याची वाट

भाऊसाहेबांचेच दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांचा जन्म सोलापूरजवळच्या पाथरी गावचा. गुरूंच्या पश्चात त्यांनी वेगळा विचार मांडला. मुंगी झाडावर चढत चढत फळापाशी पोचते, त्याप्रमाणे दीर्घ ध्यानाने पायरीपायरीने जाणे हा पिपीलिका मार्ग. पक्षी मात्र थेट फळावर झेप घेतो. त्याप्रमाणे श्रवण, मनन आणि विवेक यांच्या बळावर ‘मी देह नव्हे’ हे जाणणे हा विहंगम मार्ग. सिद्धरामेश्वरांनी या दुसऱ्या वाटेचा पुरस्कार केला. गुरूंनी सांगितलेले ध्यान सोडणे त्यांच्या काही गुरुबंधूंना रुचले नाही.

हा मतभेद वरवरचा नाही. मन शांत झाल्यावर ज्ञान होते की ज्ञान झाल्यावर मन शांत होते, असा मूळ प्रश्न त्यात आहे. सिद्धरामेश्वरांनी स्वतः आधी ध्यानाची वाट कसोशीने चालून पाहिली होती, हे मात्र विहंगम मार्गाला आळशांची सवलत समजणाऱ्यांनी, आणि तशी सवलत घेऊ पाहणाऱ्यांनीही, ध्यानात ठेवावे. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) मुंबईत विड्यांचे दुकान चालवत आणि खेतवाडीतील राहत्या घरी साधकांशी संवाद करत. मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणलेले हे संवाद १९७३ मध्ये ‘आय ॲम दॅट’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि परदेशांतही पोचले. प्राध्यापकी असो वा दुकानदारी, या दोघांनी साधनेसाठी व्यवसाय अडचणीचा मानला नाही.

अस्वस्थतेचा टप्पा

मन आत वळवले की लगेच शांती लाभते, ही समजूत संतांच्या अनुभवाशी जुळत नाही. रानड्यांनी ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ (१९३३) या इंग्रजी ग्रंथात तुकारामांच्या अभंगांचा अभ्यास करताना यावर विशेष भर दिला. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांची ‘आत्म्याची काळरात्र’ ही कल्पना त्यांनी तुकारामांना लावून दाखवली. बाहेर दुष्काळ, दिवाळे आणि घरातले मृत्यू. आत स्वतःच्या दोषांचे तीव्र भान आणि देव भेटत नाही ही तळमळ. बाहेरच्या गलबल्यात दडून राहिलेले सारे आत पाहू लागताच प्रथम वर येते. साक्षात्काराच्या आनंदाचे अभंग या तळमळीच्या अभंगांशेजारी ठेवून वाचले, तर तुकारामांना लाभलेली शांती किती किमतीची होती ते कळते.