दुर्बीण तपासणीतील विशिष्ट प्रकाश आणि कर्करोगाचे लवकर निदान

वार्षिक अहवालात उपकरणांची नावे व किमती नेमाने छापल्या जातात. परंतु त्या खर्चातून रुग्णाच्या पदरी नेमके काय पडते, हे जमाखर्चाच्या रकान्यांत मावत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. पोटाच्या दुर्बीण तपासणीला, म्हणजे एंडोस्कोपीला, ‘नॅरो बँड इमेजिंग’ची जोड कशासाठी हवी, असा प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला होता. त्यांच्याकडून जे समजले, ते आपणां हितचिंतकांसमोर ठेवीत आहे.

नेहमीच्या तपासणीत पांढरा प्रकाश वापरतात. अन्ननलिकेचा कर्करोग आरंभी बहुधा गाठीच्या रूपात नसतो. अस्तराच्या वरच्या थरात तो सपाट पसरलेला असतो. भोवतालच्या निरोगी भागाहून त्याचा रंग फारसा वेगळा नसल्याने अनुभवी डोळ्यांनाही तो चकवितो. मात्र वाढीसाठी त्याला रक्तपुरवठा लागतो आणि त्या जागेच्या सूक्ष्म केशवाहिन्या रुंद व वेड्यावाकड्या होऊ लागतात. हीच त्याची खूण होय.

विशिष्ट प्रकाशाच्या पद्धतीत ४१५ व ५४० नॅनोमीटरच्या आसपासचे, निळ्या आणि हिरव्या रंगांचे अरुंद पट्टे तेवढे वापरतात. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेते. निळा प्रकाश फार खोल जात नाही. त्यामुळे पृष्ठभागालगतच्या केशवाहिन्या पडद्यावर तपकिरी, तर खोलवरच्या शिरा निळसर-हिरव्या दिसतात. संशयित जागा तपकिरी डागासारखी उठून दिसते. त्यासाठी रंगद्रव्य फवारावे लागत नाही. बटण दाबताच प्रकाश बदलतो.

जपानमध्ये विकसित झालेली ही पद्धत २००५ च्या अखेरीस बाजारात आली. तेथे अधिक जोखमीच्या ३२० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. अन्ननलिकेतील वरवरचे कर्करोग पांढऱ्या प्रकाशात सुमारे ५५ टक्के, तर या प्रकाशात सुमारे ९७ टक्के ओळखता आले. अर्थात प्रत्येक तपकिरी डाग कर्करोगाचा नसतो. साध्या दाहानेही तसा डाग दिसू शकतो. अंतिम निर्णय बायॉप्सीचाच, आणि डाग पारखण्यासाठी प्रशिक्षित नजरही हवीच.

या लवकर निदानाचे मोल मोठे आहे. रोग वरच्या थरापुरता असल्यास तो बहुधा दुर्बिणीतूनच काढता येतो व छाती उघडण्याची मोठी शस्त्रक्रिया टळते. याउलट, घास अडकू लागल्यावर रुग्ण येतो, तेव्हा रोग बहुधा खोलवर गेलेला असतो. तोवरचे महिने पुष्कळदा पित्ताच्या गोळ्या घेण्यात गेलेले असतात.

यंत्र देणगीतून घेता येते. रुग्णाचे वेळेवर येणे मात्र विकत घेता येत नाही. दीर्घकाळ तंबाखू, विडी वा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांनी, तसेच तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर उपचार झालेल्यांनी, त्रास नसला तरी आपल्याला ही तपासणी आवश्यक आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या परिचयातील अशा व्यक्तींपर्यंत हा निरोप पोहोचवावा, अशी सर्व हितचिंतकांना नम्र विनंती आहे.