ईसीसी८३च्या शेजारी कोण बसतं?

तबकडीच्या खाचेतून सुई फिरते तेव्हा मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट बाहेर पडतात. ॲम्प्लिफायरला त्याच्या शंभरपट तरी हवे असतात. मधलं हे काम फोनो प्रीॲम्प्लिफायर करतो. आयसीवर चालणारा प्रीॲम्प्लिफायर तयार आणि स्वस्त मिळतो. तरीही व्हॉल्व्हवरचा घरी बांधायचा असं ठरवून लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पालथी घालणारे लोक आहेत. त्यांच्या यादीत पहिलं नाव बहुधा ईसीसी८३चं असतं.

अमेरिकेत याच व्हॉल्व्हला १२एएक्स७ म्हणतात. आरसीए कंपनीनं तो १९४७च्या सुमारास आणला. एकाच काचेत दोन ट्रायोड आणि प्रत्येकाचा वर्धनांक १००, त्यामुळे एका चॅनलला एक व्हॉल्व्ह पुरतो. मॅरॅन्ट्झच्या गाजलेल्या मॉडेल ७ या प्रीॲम्प्लिफायरमध्ये असे सहा व्हॉल्व्ह होते. आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये तो बनतो, त्यामुळे जुन्या साठ्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

आवाज नुसता मोठा करून भागत नाही. तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच रुंद होऊन शेजारच्या खाचेत घुसेल. वरचे सूर मुद्दाम वाढवलेले असतात, म्हणजे पृष्ठभागाची खरखर त्यांच्याखाली झाकली जाते. वाजवताना हे सगळं उलटं करावं लागतं. १९५४च्या सुमारास आरआयएए नावाचा एकच वक्र सर्वमान्य झाला. त्याचे तीन आकडे आहेत: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. २० हर्ट्झ आणि २० हजार हर्ट्झ यांच्यात जवळपास ३९ डेसिबलचा फरक पाडायचा असतो. म्हणजे खालचा सूर वरच्याच्या सुमारे नव्वदपट मोठा करायचा, तोही दोन्ही चॅनलमध्ये सारखा.

दोन ट्रायोडच्या मध्ये दोन रेझिस्टर आणि दोन कंडेन्सर बसवले की हा वक्र मिळतो. सिग्नलच्या वाटेत १०० के (किलोओहम) रेझिस्टर धरला, तर ग्राउंडकडे २१.८७ नॅनोफॅरडचा कंडेन्सर त्याच्या मालिकेतल्या १४.५ केसह येतो आणि त्याला समांतर ७.५ नॅनोफॅरडचा दुसरा. कागदावर गणित बरोबर सुटतं. पण तो १०० के म्हणजे पाकिटातून काढलेला १०० के नव्हे, आणि घरच्या बांधणीतली सगळी गंमत मला इथे दिसते. पहिल्या ट्रायोडच्या प्लेटला १०० केचा भार दिला आणि व्हॉल्व्हचा स्वतःचा अंतर्गत रोध ६२.५ के धरला, तर दोघं समांतर मिळून ३८.५ के होतात. हे ३८.५ के त्या शंभरात आधीच येऊन बसलेले असतात, म्हणून पाकिटातून लागतो फक्त ६१.५ केचा रेझिस्टर. पुढच्या ग्रिडला १ मेगओहमचा गळती रेझिस्टर लावला की परिणामी १०० केचे ९१ के होतात आणि खालचा आकडा पुन्हा बदलतो. दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिड आणि प्लेटमध्ये मुळात १.७ पिकोफॅरडच धारिता असते, पण वर्धन साठपट असल्यामुळे ती शंभरावर जाते आणि ७.५ नॅनोफॅरडमध्ये मिसळते. तेवढी आधी वजा करावी लागते.

व्हॉल्व्ह जुना झाला की त्याचा रोध सरकतो. म्हणून मी व्हॉल्व्हचा वाटा लहान राहील असा मोठा मालिका रेझिस्टर निवडतो, मग व्हॉल्व्ह बदलला तरी वक्र फारसा हलत नाही. किमती कंडेन्सरवर पैसे घालण्याआधी हा हिशेब करावा.

इनपुटलाही तीच गोष्ट. कार्ट्रिजला ४७ के आणि बहुधा १०० ते ३०० पिकोफॅरडच्या दरम्यानचा भार हवा असतो. पण व्हॉल्व्हचे शंभर, मीटरभर केबलचे साधारण तितकेच आणि टोनआर्मच्या तारेचे थोडे मिळून मर्यादा आधीच जवळ येते. अर्ध्या हेन्रीच्या कार्ट्रिजला २५० पिकोफॅरड मिळाले, तर अनुनाद १४ हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐकू येण्याच्या पट्ट्यातच पडतो. तिथे वेगळा कंडेन्सर लावूच नये.

भागांच्या निवडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रेझिस्टर मेटल फिल्मचे घ्यावेत. जुन्या कार्बनच्या रेझिस्टरमधून विजेचा प्रवाह जाताना जास्तीची खरखर होते आणि इतक्या बारीक सिग्नलला ती सोसत नाही. वक्राचे कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन किंवा सिल्व्हर मायकाचे असावेत आणि मीटरवर मोजून त्यांच्या जोड्या लावाव्यात. डाव्या-उजव्यातला फरक हा छापील आकड्यापासूनच्या फरकापेक्षा जास्त खटकतो. प्लेटपासून पुढे जाणारा कंडेन्सर ४०० किंवा ६३० व्होल्टचा हवा. डायोडचा सप्लाय असेल तर व्हॉल्व्ह तापेपर्यंत सप्लायचा सगळा उच्च व्होल्टेज (एचटी) त्याच्यावरच येतो.

जोडणीत खरा शत्रू हम असतो. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आणि आरआयएए वक्र तिथेच सिग्नल सातपट उचलतो. म्हणून हीटरला डीसी द्यावा, ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत ठेवावा, ग्राउंडच्या सगळ्या तारा एकाच बिंदूवर आणाव्यात आणि तो बिंदू इनपुट सॉकेटजवळच चासीला जोडावा. हीटरला एसीच द्यायचा असेल तर दोन्ही तारा घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. चालू स्थितीत व्हॉल्व्हला पेन्सिलीनं हलकी टिचकी मारून पाहावी. स्पीकरमधून टण्ण असा घणघणाट आला तर तो व्हॉल्व्ह इथे नको.

सप्लायमध्ये २५० ते ३०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये टिकून राहतात. १०० मायक्रोफॅरडला २२० केचा ब्लीडर लावला तर चार्ज पूर्ण उतरायला दोन मिनिटं लागतात. ब्लीडर २ वॉटचा घ्यावा. मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नये, आणि एका वेळी एकच हात.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत नाट्यसंगीताच्या ७८च्या तबकड्या आहेत. त्यांतल्या बहुतेक आरआयएए वक्राच्या आधीच्या आहेत. त्या वक्रावर वाजवल्या तर आवाज बोथट येतो, कारण अनेकांमध्ये वरचा सूर वाढवलेलाच नसतो. यावर वरच्याच जाळ्यात सोपा उपाय आहे: ७.५ नॅनोफॅरड एका स्विचनं बाजूला काढावा आणि १४.५ केऐवजी दुसऱ्या स्विचनं २९ के घ्यावा, की मोड ५०० वरून २५० हर्ट्झवर येतो. सुई मात्र ३ मिलची लागते, एलपीची ०.७ मिलची चालत नाही. स्विच पुढच्या पॅनेलवर नेण्याचा मोह होतो, पण ते व्हॉल्व्हच्या सॉकेटलगत बसवावेत आणि लांब दांडा पुढे काढावा. तारा लांबवल्या तर त्यांची धारिता पुन्हा वक्रात मिसळते आणि हमही आत येतो.