गोळी चालू, तरी रक्तदाब का उसळतो?

मोरगावच्या मयूरेश्वरासाठी चतुर्थीचा उपवास धरताना रक्तदाबाची गोळीही राहून गेली, तर वाढलेल्या दाबाचा दोष औषधाला देता येत नाही. बहुतेक गोळ्यांचा परिणाम साधारण दिवसभरच टिकतो. ‘मी गोळी चुकवतच नाही,’ असे कोणी म्हणेल. पण उपवासाचे वेफर्स, लोणचे-पापड यांतले मीठ आणि अंगदुखीवरची डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी औषधेही दाब चढवतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. एकच नोंद फसवी असू शकते, म्हणून ५ मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. मनाने गोळी वाढवू किंवा बंद करू नये. मात्र दाब १८०/१२०च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर ताबडतोब १०८ला फोन करा.